नोंद एकदाच, वर्दी सर्वांस



एकाच गोष्टीची नोंद दोन वह्यांत झाली आणि त्या दोन वह्यांचा मेळ बसेनासा झाला, म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे ज्यांनी एखाद्या पेढीचे किंवा सोसायटीचे दप्तर सांभाळले आहे त्यांना सांगावयास नको. पैसे भरल्याची पावती हातात असते आणि खात्यावर बाकी दिसत राहते. दोष कोणाचाही असो, हेलपाटे मात्र ज्याच्या नावची नोंद आहे त्या माणसाला पडतात. आता दप्तर संगणकात गेले. दोन वह्यांच्या दहा झाल्या आणि त्या एकमेकींपासून दूर असलेल्या निरनिराळ्या यंत्रांत राहू लागल्या. या सर्व वह्या एका मेळात कशा ठेवाव्यात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तंत्रज्ञांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, डेटाबेसमधील नोंदींचे बदल घडतील तसतसे ते मेसेज ब्रोकरकडे प्रवाहाच्या रूपाने पाठविणे. नाव जड आहे. परंतु कल्पना आपल्या चांगली परिचयाची आहे.

प्रथम हे दोन शब्द समजून घेऊ. डेटाबेस म्हणजे नोंदींचे पक्के दप्तर. त्यात काही नोंदी जोडीनेच व्हाव्या लागतात. एका खात्यातून रक्कम वजा व्हावी आणि दुसऱ्यात जमा होऊ नये, हे चालत नाही. अशा जोडून आलेल्या नोंदींच्या गटाला व्यवहार, म्हणजे ट्रॅन्झॅक्शन, म्हणतात आणि तो पुरा झाल्यावर डेटाबेस त्यावर जे शिक्कामोर्तब करतो त्याला कमिट म्हणतात. हा शिक्का उमटण्यापूर्वी वीज गेली तर त्या व्यवहारातील एकही नोंद उरत नाही. उमटल्यानंतर गेली तर एकही नाहीशी होत नाही. मेसेज ब्रोकरचे काम निराळे. ज्याला काही कळवावयाचे असेल तो आपली वर्दी त्याच्या हवाली करतो. ज्यांना ती हवी असेल ते आपापल्या सवडीने घेऊन जातात. देणाऱ्याला घेणाऱ्यांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि घेणारा त्या क्षणी हजर नसला तरी वर्दी त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते.

विषय अधांतरी राहू नये म्हणून एक लहानसा नमुना घेऊ. एका जिल्ह्याच्या गावी रक्तपेढी आहे, अशी कल्पना करा. तिच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक पिशवीची एक नोंद आहे: क्रमांक, रक्तगट, संकलनाची तारीख, मुदत आणि स्थिती. ही स्थिती उपलब्ध, राखीव, दिलेली किंवा मुदतबाह्य यांपैकी एक असते. लाल पेशी योग्य द्रावात आणि थंडीत ४२ दिवसांपर्यंत टिकतात. प्लेटलेटची मुदत तर साधारण ५ दिवसांचीच. म्हणून या नोंदी सारख्या बदलत असतात. हे बदल तिघांना हवे आहेत. तालुक्यातील रुग्णालयांत लावलेल्या फलकाला, म्हणजे कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत हे तेथे दिसावे. दात्यांना निरोप पाठविणाऱ्या कार्यक्रमाला, म्हणजे साठा उतरला की योग्य गटाच्या दात्यांना हाक जावी. आणि महिन्याच्या हिशेबाला. फलक चुकला तर काय होईल? डॉक्टर फलकावर पिशवी पाहतील, रुग्णाचा भाऊ रात्री चाळीस किलोमीटर जाईल, आणि खिडकीवर त्याला कळेल की ती पिशवी दुपारीच दुसऱ्याला दिली गेली.

हे काम सरळ कसे करता येईल? कोणताही नवा प्रोग्रामर प्रथम असेच सुचवील की, पिशवी दिली म्हणजे प्रोग्रामने आधी डेटाबेसमध्ये नोंद करावी आणि लगेच ब्रोकरला वर्दी द्यावी. दोन ओळींचे काम. परंतु या दोन ओळींच्या मध्ये एक फट आहे. पहिली ओळ पुरी झाली, शिक्कामोर्तब झाले, आणि त्याच क्षणी यंत्र बंद पडले किंवा तार तुटली, तर नोंद झाली पण वर्दी गेली नाही. फलकावर ती पिशवी उपलब्धच राहील. बरे, क्रम उलटा करावा, आधी वर्दी आणि मग नोंद, तर वर्दी गेल्यावर नोंद फसली म्हणजे न घडलेल्या गोष्टीची हूल सर्वत्र पसरेल. दोन्ही कामे एकाच व्यवहारात गुंफावीत म्हटले, तर डेटाबेसचा शिक्का ब्रोकरवर चालत नाही. यावर जुना तोडगा आहे. सर्व पक्षांनी प्रथम तयारी कळवावयाची आणि मग एकदम शिक्का मारावयाचा. या दुहेरी फेरीच्या कमिटचे विवेचन जिम ग्रे यांनी १९७८ सालीच केले होते. परंतु त्यात शिक्का मारण्याचा हुकूम देणारा मध्यस्थच ऐनवेळी बंद पडला, तर तयारी कळवून बसलेले पक्ष अडकून पडतात आणि त्यांच्या नोंदी कुलुपात राहतात. रक्तपेढीच्या खिडकीवर अशी अडवणूक परवडणारी नाही.

दुसरा मार्ग विचारपूस करीत राहण्याचा. दर मिनिटाला डेटाबेसला विचारावयाचे, मागल्या खेपेनंतर कोणत्या नोंदी बदलल्या? लहान कामाला हा उपाय चालूनही जातो. परंतु त्याचे दोष ओळखून असावे. पुसलेली नोंद विचारपूस करणाऱ्याला दिसतच नाही. जी उरली नाही ती सापडणार कशी? एका मिनिटात पिशवी राखीव झाली आणि पुन्हा मोकळी झाली, तर मधली स्थिती हिशेबातून गळते. तिसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. एखाद्या व्यवहाराने नोंदीवर दहा वाजून पाच मिनिटांची वेळ घातली, पण त्यावर शिक्का दहा वाजून सात मिनिटांनी पडला. सहा वाजताच्या ठोक्यासारखी नियमित विचारपूस दहा वाजून सहा मिनिटांनी येऊन गेलेली असते. तिला ती नोंद दिसली नाही, आणि पुढल्या खेपेस ती सहा मिनिटांनंतरच्याच नोंदी मागते. ती एक नोंद कायमची निसटली. असा दोष वर्षातून दोनदा घडतो आणि म्हणूनच तो सापडत नाही.

आता आपल्या जुन्या पेढीवरील पद्धत आठवा. दिवसभरात जे जे घडेल ते प्रथम रोजकीर्दीत, घडेल त्या क्रमाने. मग सवडीने त्यावरून खतावणी, जिच्यात प्रत्येकाचे खाते निराळे. खतावणीत शंका आली तर रोजकीर्द पाहावयाची. खतावणी जळाली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. आपला डेटाबेसही नेमके हेच करीत असतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. आपल्याला जी कोष्टके दिसतात ती त्याची खतावणी होय. तिच्यात खाडाखोड करण्यापूर्वी तो प्रत्येक बदल एका रोजकीर्दीत लिहून ती डिस्कवर पक्की करतो. हिला राइट अहेड लॉग, म्हणजे आधी लिहिण्याची वही, असे म्हणतात. वीज जाऊन आली की डेटाबेस हीच वही वाचून आपली कोष्टके सावरतो. १९९२ साली आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी 'एरीज' या नावाने या पद्धतीची जी सविस्तर मांडणी केली, तिचा प्रभाव त्यानंतरच्या अनेक डेटाबेसांवर आहे.

सगळे मर्म येथे आहे. नोंद आणि वर्दी अशा दोन गोष्टी लिहावयाच्या म्हणून फट पडते. मग दोन लिहूच नयेत. नोंद एकदाच करावी, डेटाबेसमध्ये. आणि वर्दी त्याच्या रोजकीर्दीवरून उतरवून घ्यावी. जे रोजकीर्दीत आहे ते घडले आहे आणि जे त्यात नाही ते घडलेले नाही. या पद्धतीला इंग्रजीत चेंज डेटा कॅप्चर म्हणतात. आपण तिला बदल टिपून घेणे म्हणू.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये २०१४ साली निघालेल्या ९.४ या आवृत्तीपासून ही वही बाहेरच्या वाचकाला समजेल अशा रूपात उलगडून देण्याची सोय झाली. त्यापूर्वी तिची भाषा डेटाबेसच्या स्वतःच्या उपयोगाची होती. अमुक पानावरील अमुक अक्षरे बदलली, एवढेच ती सांगे. आता अमुक कोष्टकातील अमुक ओळ अशी झाली, हे ती सांगू शकते. शिवाय हे बदल ज्या क्रमाने व्यवहारांवर शिक्के पडले त्या क्रमानेच बाहेर येतात, आणि जो व्यवहार रद्द झाला तो बाहेर येतच नाही. मघाच्या सात मिनिटांच्या नोंदीला आता निसटावयास जागा राहत नाही. यासाठी डेटाबेसच्या मांडणीत वाल लेव्हल ही किल्ली 'लॉजिकल' या स्थितीवर ठेवावी लागते आणि तो एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

वही वाचून ब्रोकरकडे पोहोचविणारा कारकूनही तयार मिळतो. त्याचे नाव डेबेझियम. हाही मुक्त स्वरूपाचा आहे, आणि मायएसक्यूएलसारख्या अन्य डेटाबेसांच्या वह्याही तो वाचतो. प्रथम कामावर आला की तो कोष्टकाची आरंभीची एक संपूर्ण प्रत घेतो आणि ती घेतानाचे वहीतील स्थळ लक्षात ठेवतो. मग त्या स्थळापासून पुढे वाचत जातो. प्रत्येक वर्दीत तो बदलापूर्वीची ओळ, बदलानंतरची ओळ, ओळ नवी आहे, बदलली आहे की पुसली आहे हे सांगणारे एक अक्षर, आणि वेळ असे घालतो. मात्र पोस्टग्रेसला मुद्दाम सांगितल्यावाचून बदलापूर्वीची संपूर्ण ओळ वहीत लिहिली जात नाही, हे नवख्याने ध्यानात ठेवावे.

ब्रोकर म्हणून आपल्या नमुन्यात काफ्का घेऊ. जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे यांनी तो लिंक्डइन या कंपनीत घडविला आणि २०११ साली तो सर्वांस खुला झाला. यांतील नेहा नारखेडे पुण्यात वाढलेल्या. पुणे विद्यापीठाची पदवी घेऊन पुढील शिक्षणास त्या अमेरिकेस गेल्या. फ्रान्झ काफ्का या लेखकाचे नाव क्रेप्स यांनी दिले, कारण ही प्रणाली लिहिण्याच्या कामात विशेष तरबेज असावयाची होती. काफ्काही मुळात एक रोजकीर्दच आहे. जुन्या धर्तीच्या रांगेत वर्दी घेतली गेली की ती रांगेतून नाहीशी होते. काफ्कात ती ठरलेल्या मुदतीपर्यंत, आपण काही निराळे न सांगितल्यास ७ दिवस, जागेवरच राहते आणि प्रत्येक वाचक आपली खूण आपण सांभाळतो. फलक आज बंद पडला आणि उद्या सुरू झाला, तर तो आपल्या खुणेपासून पुढे वाचू लागतो. त्याच्यामुळे हिशेबाचे काम थांबत नाही.

येथे क्रमाविषयी एक सावधगिरी हवी. काम वाटून घेता यावे म्हणून काफ्का एका विषयाच्या वर्द्या अनेक भागांत, पार्टिशनांत, विभागतो. क्रमाची हमी एका भागापुरतीच असते; दोन भागांमध्ये ती नसते. ४१७ क्रमांकाच्या पिशवीची 'राखीव' ही वर्दी एका भागात आणि 'दिलेली' ही दुसऱ्या भागात पडली, तर फलकापर्यंत ती उलट क्रमाने पोहोचू शकते, आणि रुग्णाला दिलेली पिशवी फलकावर पुन्हा राखीव होऊन बसते. उपाय साधा आहे. वर्दीवर पिशवीचा क्रमांक किल्ली म्हणून घालावा. समान किल्लीच्या वर्द्या एकाच भागात जातात. दोन वेगवेगळ्या पिशव्यांचा परस्परांतील क्रम मागेपुढे झाला तरी बिघडत नाही.

दुसरी सावधगिरी पुनरुक्तीची. डेबेझियमने वर्दी दिली आणि वाचनाची खूण पुढे सरकविण्यापूर्वीच तो बंद पडला, तर पुन्हा उठल्यावर तो तीच वर्दी परत देईल. हरवण्यापेक्षा दोनदा येणे बरे, असाच या सर्व यंत्रांचा कल आहे. तेव्हा घेणाऱ्याने दुबार वर्दी पचविण्याची तयारी ठेवली पाहिजे. 'साठ्यातून एक वजा करा' अशी वर्दी दोनदा आली तर साठा दोनने उतरेल. '४१७ क्रमांकाची पिशवी दिली' ही वर्दी दहादा आली तरी पिशवी एकच राहते. म्हणून वर्दीत वजाबाकी सांगू नये, स्थिती सांगावी. दात्यांना निरोप पाठविणाऱ्याचे तेवढ्याने भागत नाही. एकदा गेलेला निरोप परत घेता येत नाही. त्याने हाताळलेल्या वर्द्यांचे क्रमांक आपल्या वहीत नोंदवावेत आणि आलेला क्रमांक तेथे असल्यास गप्प बसावे. एरवी मध्यरात्री एकाच दात्याचा फोन दोनदा वाजेल, आणि पुढल्या खेपेस तो उचलणार नाही.

आता एक प्रश्न ज्याकडे तंत्राच्या भरात दुर्लक्ष होते. पिशवीच्या नोंदीशी दात्याचे नाव आणि त्याच्या रक्ताच्या तपासण्यांचे निष्कर्ष जोडलेले असतात; त्यांत एचआयव्ही आणि कावीळ यांच्याही तपासण्या असतात. कोष्टके जशीच्या तशी ब्रोकरकडे वाहू दिली, तर हे सर्व तालुक्याच्या फलकापर्यंत पोहोचण्याच्या मार्गावर येऊन पडते आणि तेथे कित्येक दिवस पडून राहते. फलकावर ते दिसत नसले तरी ते वाचण्याची मुभा असलेले हात वाढतात. याला आपल्या कचेऱ्यांतलाच उपाय लागू पडतो: जावक वही. पिशवीची स्थिती बदलणाऱ्या त्याच व्यवहारात प्रोग्रामने जावकाच्या एका निराळ्या कोष्टकात एक ओळ लिहावी. पिशवीचा क्रमांक, गट, नवी स्थिती, वेळ, याहून अधिक काही नाही. दोन्ही ओळी एकाच डेटाबेसमध्ये आणि एकाच शिक्क्याखाली, म्हणून फट पडत नाही. डेबेझियमला फक्त हे जावकाचे कोष्टक वाचावयास सांगावे. इंग्रजीत यालाही आउटबॉक्स, म्हणजे जावकपेटीच, म्हणतात. याचा आणखी एक लाभ असा की, उद्या रक्तपेढीने आपल्या कोष्टकांची अंतर्गत रचना बदलली तरी बाहेरच्यांना तिची झळ लागत नाही.

या व्यवस्थेची एक किंमत आहे, ती लपविण्याचे कारण नाही. वाचकाने कोठवर वाचले याची नोंद पोस्टग्रेस रेप्लिकेशन स्लॉट या नावाने ठेवतो, आणि जोवर ते वाचन पुढे सरकत नाही तोवर वहीची मागील पाने तो फाडीत नाही. डेबेझियम शुक्रवारी सायंकाळी बंद पडला आणि सोमवारपर्यंत कोणी पाहिले नाही, तर १६ मेगाबाइटची एकेक फाइल साचत जाऊन डिस्क भरू शकते आणि मूळ डेटाबेसच थांबू शकतो. म्हणजे फलकाच्या सोयीसाठी नेमलेल्या कारकुनाने रक्तपेढीची खिडकी बंद पाडली, असे व्हावयाचे. २०२० सालच्या १३ व्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते. ती ओलांडली तर डेटाबेस वाचतो, परंतु वर्द्यांचा धागा तुटतो आणि पुन्हा संपूर्ण प्रत घ्यावी लागते. यांपैकी काय पत्करावयाचे हे आधीच ठरवावे. वाचक किती मागे पडला आहे हा आकडा कोणाच्या तरी नजरेसमोर राहील आणि तो वाढला की त्या माणसाला सूचना जाईल, अशी तजवीज असावी.

हा सगळा नमुना एका साध्या संगणकावर मांडून पाहता येतो. पोस्टग्रेस, काफ्का, डेबेझियम आणि फलकाची स्थिती राखणारा एक छोटासा प्रोग्राम, एवढेच चार घटक. तो चालतो हे पाहून मात्र समाधान मानू नये. तो मोडून पाहावा. हजार पिशव्यांच्या स्थिती बदलणे सुरू करावे आणि मध्येच डेबेझियम बंद करावा. तो सुरू करून मग फलकाचा प्रोग्राम मारावा, नंतर काफ्का. सर्व पुन्हा चालू झाल्यावर फलकावरील गटवार आकडे आणि डेटाबेसमधील आकडे ताडून पाहावेत. एका पिशवीचाही फरक निघाला तर काम पुरे झालेले नाही. हाच मेळ पुढे प्रत्यक्ष कामातही रोज रात्री घ्यावा, जसा दुकान बंद करण्यापूर्वी गल्ल्याचा घेतात.

शेवटी एक मर्यादा. वर्दी बहुधा सेकंदाच्या आत पोहोचते, परंतु ती नेहमीच घटनेच्या मागून येते. फलक म्हणजे काही क्षणांपूर्वीची खबर. म्हणून पिशवी हातात देण्याचा निर्णय फलकावरून कधीही घेऊ नये. तो मूळ डेटाबेसमध्ये, त्या पिशवीची ओळ कुलूपबंद करूनच घ्यावा. रात्री चाळीस किलोमीटर निघणाऱ्या त्या भावासाठीही फलकाशेजारी दोन गोष्टी असाव्यात. एक, ही माहिती किती वाजताची आहे तो आकडा, म्हणजे फलक मागे पडला असेल तर ते त्याला घरूनच दिसेल. दुसरी, पिशवी त्याच्या नावे राखून ठेवण्याची विनंती सरळ मूळ दप्तरात नोंदविणारे बटण. ते दाबल्यावर 'राखीव' असे उत्तर आले, म्हणजे ते शिक्का उमटल्यानंतरचे उत्तर असते, आणि त्याने खुशाल गाडी काढावी.